दैनिक बॅकअप अहवाल

दैनिक बॅकअप अहवाल म्हणजे एखाद्या संस्थेच्या सर्व्हरवरील माहितीच्या राखीव प्रती मागील चोवीस तासांत घेतल्या गेल्या किंवा नाही, घेतल्या असल्यास त्या किती आकाराच्या होत्या, त्यांना किती वेळ लागला आणि त्यांत कोणते दोष आढळले, यांची दररोज तयार होणारी संक्षिप्त नोंद होय. ही नोंद बहुधा बॅकअपची संगणकप्रणाली स्वतःच तयार करते व ठरावीक वेळी ईमेलने संबंधित कर्मचाऱ्याकडे पाठवते. लहान संस्थांत ती कागदी नोंदवहीतही ठेवली जाते.

बॅकअपचे काम प्रायः रात्री, मनुष्याच्या देखरेखीवाचून चालते. त्यामुळे ते बंद पडले तरी दैनंदिन कामकाजात कोणताही अडथळा जाणवत नाही. मूळ माहिती नष्ट झाल्यावर राखीव प्रत शोधली जाते आणि ती नसल्याचे तेव्हा प्रथमच उघड होते. हा विलंब टाळणे, म्हणजे बिघाड आणि बिघाडाचे ज्ञान यांतील अंतर एका दिवसावर आणणे, हा दैनिक अहवालाचा मुख्य हेतू आहे.

संज्ञा

सर्व्हर म्हणजे अनेक वापरकर्त्यांना माहिती किंवा सेवा पुरवणारा मध्यवर्ती संगणक. त्यावरील माहितीची वेगळ्या साधनावर किंवा वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप. बॅकअपवरून माहिती पुन्हा मूळ स्थितीत आणण्याच्या क्रियेस पुनर्स्थापना किंवा प्रचलित भाषेत ‘रिस्टोअर’ म्हणतात. संगणकप्रणाली आपल्या प्रत्येक कृतीची जी कालानुक्रमे नोंद करते तिला ‘लॉग’ म्हणतात. लॉग विस्तृत असतो. अहवाल हा त्याचा सारांश असतो.

बॅकअपच्या नियोजनात दोन मर्यादा आधी ठरवाव्या लागतात. पहिली, किती काळातील काम गमावणे संस्थेला परवडेल ही होय. दिवसातून एकदा, मध्यरात्रीनंतर दोन वाजता बॅकअप घेतला जात असेल आणि सर्व्हर दुपारी चार वाजता निकामी झाला, तर चौदा तासांतील नोंदी परत मिळत नाहीत. दुसरी, सेवा किती काळ बंद राहिलेली चालेल ही होय. दैनिक अहवालाचे मूल्यमापन या दोन मर्यादांच्या संदर्भात केले जाते.

पार्श्वभूमी

संगणकाच्या आरंभीच्या काळात बॅकअप मुख्यतः चुंबकीय फितीवर घेतला जाई. फीत बदलणे, तिच्यावर तारीख घालणे व नोंदवहीत सही करणे ही कामे चालक करीत असे. त्यामुळे रोजच्या बॅकअपला निदान एक माणूस साक्षी असे. पुढे वेळापत्रकानुसार आपोआप काम चालवणाऱ्या प्रणाली आल्या. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ ही अशी सुविधा होती. क्रॉनच्या नंतरच्या आवृत्त्यांत नियोजित कामातून काही संदेश बाहेर पडला तरच तो ईमेलने पाठवला जाई. संदेश नसेल तर ईमेलही नसे. ‘शांतता म्हणजे यश’ हा संकेत त्यातून रूढ झाला. मात्र काम सुरूच झाले नाही तरीही शांतताच असते. हा या संकेतातील मूलभूत दोष आहे.

१९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात विकसित झालेली ‘अमांडा’ ही बॅकअप प्रणाली प्रत्येक फेरीनंतर अहवाल ईमेलने पाठवीत असे. त्यात कोणत्या यंत्राचा किती मजकूर, किती वेळात व कोणत्या वेगाने जतन झाला याचा तक्ता असे. २००० साली काम सुरू होऊन २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बॅक्युला’ या मुक्त प्रणालीतही प्रत्येक कामाच्या शेवटी असा गोषवारा दिला जातो. व्यावसायिक प्रणालींमध्ये आता ही सुविधा सर्वसाधारण झाली आहे.

बॅकअपचे प्रकार

अहवाल समजून घेण्यासाठी त्यात नोंदलेला बॅकअप कोणत्या प्रकारचा आहे हे माहीत असणे आवश्यक असते.

पूर्ण बॅकअप: निवडलेली सर्व माहिती प्रत्येक वेळी नव्याने जतन केली जाते. पुनर्स्थापना सोपी, पण जागा व वेळ अधिक लागतो.

वाढीव बॅकअप: मागील कोणत्याही बॅकअपनंतर बदललेली माहितीच जतन केली जाते. रोजचा आकार लहान असतो. परंतु पुनर्स्थापनेसाठी शेवटचा पूर्ण बॅकअप व त्यानंतरचे सर्व वाढीव बॅकअप लागतात. साखळीतील एक दुवा निकामी झाला तर त्यापुढील दुवे निरुपयोगी ठरू शकतात.

फरक बॅकअप: शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेली सर्व माहिती जतन केली जाते. पुढील पूर्ण बॅकअपपर्यंत त्याचा आकार दिवसेंदिवस वाढत जातो.

पूर्ण बॅकअपचा आकार एका दिवसात निम्मा झाला तर ती धोक्याची खूण असते. वाढीव बॅकअपचा आकार मात्र रविवारी किंवा सणाच्या दिवशी अगदी अल्प असणे स्वाभाविक असते. म्हणून आजच्या अहवालातील आकड्याची तुलना त्याच प्रकारच्या मागील बॅकअपशी केली जाते.

प्रती ठेवण्याबाबत ‘३-२-१’ हा नियम प्रसिद्ध आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी, असा त्याचा आशय आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हा नियम प्रचारात आणला. या नियमानुसार परिपूर्ण अहवालात स्थानिक प्रत व दूरस्थ प्रत यांची स्थिती स्वतंत्रपणे दाखवलेली असते.

अहवालातील घटक

दैनिक अहवालात साधारणपणे पुढील बाबी असतात.

१. सर्व्हरचे नाव व कामाचे नाव.
२. काम सुरू झाल्याची व संपल्याची वेळ.
३. निष्कर्ष: यशस्वी, इशाऱ्यासह यशस्वी, अयशस्वी किंवा सुरूच न झालेले.
४. तपासलेल्या व प्रत्यक्ष जतन केलेल्या फायलींची संख्या.
५. जतन केलेल्या माहितीचा आकार व वेग.
६. वगळलेल्या फायली व वगळण्याचे कारण.
७. बॅकअप ठेवलेल्या साधनावरील शिल्लक जागा.
८. दूरस्थ प्रत शेवटची केव्हा अद्ययावत झाली ती वेळ.
९. शेवटची यशस्वी पुनर्स्थापना चाचणी केव्हा झाली ती तारीख.

यांपैकी ‘इशाऱ्यासह यशस्वी’ हा निष्कर्ष सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. एखादी फाइल त्या क्षणी वापरात असल्याने वाचता आली नाही, तर प्रणाली ती वगळून पुढे जाते आणि शेवटी इशारा देते. वगळलेली फाइल तात्पुरती असेल तर हानी नसते, परंतु ती मुख्य माहितीसंचाची असेल तर इतर हजारो फायली सुरक्षित राहूनही बॅकअप निरुपयोगी ठरतो.

अहवालाचे वाचन

अहवालातील निष्कर्षाचा रकाना पाहून समाधान मानणे पुरेसे नसते. पुढील काल्पनिक उदाहरणात एका संस्थेच्या सर्व्हरच्या पूर्ण बॅकअपची एका आठवड्यातील नोंद दिली आहे.

सोमवार: ४२.० जीबी, १ तास ५० मिनिटे, यशस्वी
मंगळवार: ४२.४ जीबी, १ तास ५२ मिनिटे, यशस्वी
बुधवार: ४२.७ जीबी, २ तास ४० मिनिटे, इशाऱ्यासह यशस्वी
गुरुवार: ३.१ जीबी, ९ मिनिटे, यशस्वी
शुक्रवार: ३.१ जीबी, ९ मिनिटे, यशस्वी
शनिवार: अहवाल आला नाही

बुधवारी आकार जवळजवळ तेवढाच असूनही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी वाढला. वेग मिनिटाला सुमारे ३८० एमबीवरून सुमारे २७० एमबीवर आला. डिस्क झिजणे, संपर्कवाहिनी मंदावणे किंवा त्याच वेळी दुसरे जड काम चालू असणे ही त्याची संभाव्य कारणे होत. गुरुवारी ‘यशस्वी’ असा शेरा आहे, पण आकार तेराव्या हिश्श्याहूनही कमी झाला आहे. बुधवारच्या इशाऱ्यानंतर मुख्य माहितीसंच नव्या डिस्कवर हलवला गेला आणि बॅकअपचे काम मात्र जुन्याच जागेचे जतन करीत राहिले, असे झाल्यास अशी नोंद दिसते. प्रणालीला सांगितलेले काम तिने बिनचूक केले, म्हणून तिचा शेरा तिच्या दृष्टीने खरा आहे. चूक सांगण्यात झाली आहे आणि ती केवळ आकाराच्या तुलनेतून कळते. शनिवारी अहवालच आलेला नाही. ही आठवड्यातील सर्वांत गंभीर नोंद होय.

उलट दिशेचा बदलही अर्थपूर्ण असतो. वाढीव बॅकअपचा आकार कोणत्याही कारणाविना अनेक पटींनी वाढला, तर बहुसंख्य फायली एकाच रात्री बदलल्या असा त्याचा अर्थ होतो. खंडणीखोर संगणकविषाणू, म्हणजे रॅन्समवेअर, फायली कुलूपबंद करू लागल्यावर असेच घडते. त्यामुळे दैनिक अहवाल काही वेळा हल्ल्याची पहिली सूचना ठरतो. अशा वेळी जुन्या, निर्दोष प्रती नव्या प्रतींनी पुसल्या जाण्यापूर्वी अलग करणे महत्त्वाचे असते.

दीर्घकालीन नियोजनासाठीही अहवालांचा उपयोग होतो. रोजची सरासरी वाढ व शिल्लक जागा माहीत असल्यास साधन केव्हा भरेल याचा अंदाज काढता येतो. रोज ०.४ जीबी वाढ असलेल्या संचाचे वाढीव बॅकअप ठेवण्यास ६० जीबी जागा उरली असेल, तर ती सुमारे १५० दिवस पुरेल. शासकीय खरेदीस लागणारा काळ लक्षात घेता ही पूर्वसूचना मोलाची असते.

न आलेला अहवाल

दैनिक अहवालाच्या पद्धतीतील सर्वांत मोठा धोका अहवाल न येणे हा होय. ज्या सर्व्हरवर बॅकअपची प्रणाली चालते तोच बंद पडला, ईमेल पाठवण्याची व्यवस्था बिघडली, संकेतशब्दाची मुदत संपली किंवा अहवाल नको असलेल्या ईमेलच्या कप्प्यात गेला, तर अपयश कळवणारा संदेशही पोहोचत नाही. कर्मचाऱ्याला मात्र ‘तक्रार नाही, म्हणजे सर्व ठीक’ असे वाटते.

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला, अहवाल केवळ अपयशाचा न पाठवता यशाचाही पाठवणे आणि तो ठरल्या वेळेत न आल्यास दुसऱ्या, स्वतंत्र यंत्रणेने इशारा देणे. आगगाडीच्या इंजिनात चालकाने ठरावीक दांडा दाबून धरला नाही तर गाडी आपोआप थांबते. ही योजना त्याच तत्त्वावर आधारलेली आहे. दुसरा उपाय म्हणजे आलेल्या अहवालांचा सर्व सर्व्हरांच्या मूळ यादीशी ताळा घेणे. शाळेच्या वर्गात गैरहजर विद्यार्थी ‘मी नाही’ असे सांगत नाही. त्याचे नाव हजेरीपटावर असते म्हणूनच त्याची अनुपस्थिती कळते. त्याचप्रमाणे नव्याने बसवलेला व बॅकअपच्या वेळापत्रकात घालायचा राहून गेलेला सर्व्हर कोणत्याही अहवालात दिसत नाही आणि कोणताही दोषही दाखवत नाही. मूळ यादी हाच त्याला शोधण्याचा मार्ग असतो.

पुनर्स्थापना चाचणी

बॅकअप यशस्वी झाल्याचा अहवाल म्हणजे माहिती परत मिळेल याची हमी नव्हे. रोजकीर्दीतील शिल्लक व तिजोरीतील रोकड यांचा जो संबंध, तोच अहवाल व पुनर्स्थापना यांचा होय. लेखी शिल्लक बरोबर आली तरी रोकड मोजावीच लागते. यासाठी ठरावीक काळाने काही फायली किंवा संपूर्ण माहितीसंच वेगळ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून पाहतात. उतरवलेल्या संचातील नोंदींची संख्या मूळ संचाशी जुळते का, अलीकडची नोंद उघडते का आणि या क्रियेस किती वेळ लागला, या गोष्टी टिपल्या जातात. प्रतीत एका अक्षराचाही बदल झाला असल्यास ओळखता यावा म्हणून गणिती ठसा, म्हणजे ‘हॅश’, पडताळण्याची पद्धतही वापरली जाते. चाचणीची शेवटची तारीख दैनिक अहवालातच छापल्यास ती लांबणीवर पडल्याचे वाचकाच्या रोज लक्षात येते.

महाराष्ट्रातील भूमी अभिलेख

राखीव प्रतींचे महत्त्व ज्या नोंदींमुळे सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचते, त्यांत जमिनीच्या नोंदी प्रमुख आहेत. भारत सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. महाराष्ट्रातून त्यासाठी यवतमाळच्या शेजारील वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याचे रूपांतर डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात झाले.

राज्यात सातबारा उतारे, खाते उतारे म्हणजे गाव नमुना ८अ, आणि फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६ यांच्या नोंदी ई-फेरफार या प्रणालीत ठेवल्या जातात. तिच्या उभारणीत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेचा सहभाग आहे. राज्यातील सातबारा उताऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी आहे. प्रारंभी या नोंदी तालुका पातळीवरील संगणकांत असत. नंतर त्या राज्यस्तरीय डेटा केंद्रांत एकत्र करण्यात आल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा ऑनलाइन उपलब्ध होऊ लागला.

या स्थित्यंतराचा बॅकअपच्या दृष्टीने दुहेरी परिणाम झाला. नोंदी तालुक्यात असताना प्रत्येक तालुक्याचा बॅकअप स्वतंत्र असे. एका ठिकाणच्या दुर्लक्षामुळे त्या तालुक्याचीच हानी होण्याचा संभव होता, पण तेवढ्याच ठिकाणी लक्ष ठेवावे लागे. नोंदी एकत्र आल्यावर देखरेख एका जागी करता येऊ लागली, तशीच संभाव्य हानीची व्याप्तीही वाढली. कागदी फेरफार नोंदवहीत तलाठ्याच्या हस्ताक्षरातील नोंद दिसत असे. संगणकीय नोंद नष्ट झाली तर मागे खूण राहत नाही. वारसाची नोंद, खरेदीखताचा फेरफार किंवा बँकेच्या बोजाची नोंद एका दिवसाच्या बॅकअपअभावी गेली, तर ती पुन्हा करून घेण्याचा भार खातेदारावर पडू शकतो.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

यवतमाळ जिल्हा अमरावती महसूल विभागात असून त्यात १६ तालुके आहेत. कापूस हे येथील प्रमुख नगदी पीक आहे. खरिपापूर्वी पीककर्जासाठी सातबारा व ८अ यांची मागणी वाढते. माहिती उपलब्ध नसण्याचे परिणाम याच काळात सर्वाधिक तीव्र असतात, आणि वर्षातील हवामान प्रतिकूल होण्याचा काळही हाच असतो. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत व काही वेळा त्याहूनही वर जाते. वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत डिस्क लवकर निकामी होण्याचा धोका असतो. त्यानंतर मोसमी पावसात विजा व खंडित वीजपुरवठा यांमुळे रात्रीचे काम अर्धवट थांबू शकते. अशा ठिकाणी अहवालात खोलीचे तापमान व अखंड वीजपुरवठा यंत्राची, म्हणजे यूपीएसची, स्थिती समाविष्ट करणे उपयुक्त ठरते.

जुलै २०२३ मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन महागाव तालुक्यात पुराने वेढलेल्या नागरिकांच्या सुटकेसाठी हवाई दलाला पाचारण करावे लागले. एकाच इमारतीत, एकाच कपाटात ठेवलेली मूळ माहिती व तिची प्रत अशा आपत्तीत एकत्रच नष्ट होऊ शकते. म्हणून दूरस्थ प्रत आवश्यक मानली जाते. मात्र दूरस्थ प्रतीस संपर्कवाहिनीच्या वेगाची मर्यादा असते. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या वाहिनीवरून ५०० जीबीचा पूर्ण बॅकअप पाठवण्यास, वाहिनी अखंड चालू राहिली तरी, साडेचार दिवसांहून अधिक काळ लागतो. त्याच वाहिनीवरून ४ जीबीचा वाढीव बॅकअप सुमारे ५३ मिनिटांत जातो. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी पहिली पूर्ण प्रत बाह्य डिस्कवर प्रत्यक्ष नेऊन, त्यानंतर रोजचे बदल रात्री पाठवण्याची पद्धत सोयीची ठरते. स्थानिक प्रत यशस्वी आणि दूरस्थ प्रत तीन दिवस मागे, अशी स्थिती या पद्धतीत वारंवार उद्भवू शकते. दोन्हींची स्थिती एकाच ओळीत दाखवणारा अहवाल ती लपवतो, स्वतंत्र ओळीत दाखवणारा उघड करतो.

पतसंस्था, शाळा, बाजार समित्या व खासगी रुग्णालये अशा एक-दोन सर्व्हर असलेल्या संस्थांत स्वतंत्र संगणक अभियंता बहुधा नसतो. तेथे दिवसअखेरच्या कामातच बॅकअपची नोंद जोडता येते. तारीख, आकार, प्रत कोठे ठेवली, पाहणाऱ्याची सही आणि महिन्यातून एकदा केलेल्या पुनर्स्थापनेची नोंद असे पाच रकाने त्यासाठी पुरेसे असतात. पाहणारा रजेवर असताना हे काम कोणाचे, हे आधीच लिहून ठेवावे लागते.

उल्लेखनीय घटना

टॉय स्टोरी २: १९९८ मध्ये पिक्सार या अमेरिकी चित्रपटसंस्थेत चुकीच्या आज्ञेमुळे या चित्रपटाच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप नीट चालत नसल्याचे त्या वेळी लक्षात आले. गॅलिन सुसमन या कर्मचारी घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर असलेल्या प्रतीमुळे बरेचसे काम परत मिळाले.

मंत्रालयातील आग: २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीला लागलेल्या भीषण आगीत जीवितहानी झाली व अनेक विभागांच्या कागदी फायली जळाल्या. त्यानंतर शासकीय कागदपत्रांचे संगणकीय जतन करण्याच्या कामास गती मिळाली.

गिटलॅब: ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेच्या मुख्य माहितीसंचाची निर्देशिका चुकून पुसली गेली. नियमित बॅकअप शोधला असता तो ठेवण्याची जागा रिकामी आढळली. माहितीसंचाची आवृत्ती व बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती जुळत नसल्याने काम दररोज अयशस्वी होत होते. अपयशाची सूचना देणारे ईमेल निघत होते, परंतु ते आवश्यक प्रमाणीकरणाविना पाठवले जात असल्याने स्वीकारणाऱ्या सर्व्हरने नाकारले होते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत उपलब्ध होती. तिच्यावरून सेवा पूर्ववत झाली व मधल्या सहा तासांतील नोंदी गमवाव्या लागल्या. संस्थेने या घटनेची कारणे सविस्तर जाहीर केली. न पोहोचलेल्या अहवालाचे उदाहरण म्हणून ही घटना ओळखली जाते.

नॉटपेट्या: २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या या संगणकविषाणूने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीची जगभरातील यंत्रणा ठप्प केली. नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीचे वापरकर्त्यांची ओळख पटवणारे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवीत असल्याने ते एकाच वेळी निकामी झाले. घाना येथील एक सर्व्हर वीजपुरवठा खंडित असल्यामुळे बंद होता, म्हणून वाचला. परस्परांशी सतत जोडलेल्या प्रती या बॅकअपला पर्याय नसतात, हे त्यावरून स्पष्ट झाले.

एम्स, दिल्ली: २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रुग्णनोंदणीसह अनेक कामे काही काळ कागदावर करावी लागली. बाधित न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती परत मिळवण्यात आल्याचे सरकारने संसदेत सांगितले.

देजॉन, दक्षिण कोरिया: २६ सप्टेंबर २०२५ रोजी शासकीय डेटा केंद्राला लागलेल्या आगीत शासकीय कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणारी ८५८ टेराबाइट क्षमतेची यंत्रणा नष्ट झाली. आकार मोठा असल्याच्या कारणावरून तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती.

कायदेशीर तरतुदी

भारतात कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबपुस्तकांचा बॅकअप देशातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. पूर्वीच्या नियमात तो ‘नियतकालिक’ घ्यावा असे म्हटले होते. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने त्याऐवजी ‘दैनिक’ असा शब्द घातला गेला. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत देणे व प्रणालींचे लॉग १८० दिवस जतन करणे आवश्यक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या संस्थेने वाजवी सुरक्षा उपाय योजावयाचे असून, त्यांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बॅकअपच्या प्रतीतही वैयक्तिक माहिती असल्याने तिचे संरक्षण मूळ माहितीइतकेच काटेकोर असावे लागते. आयएसओ/आयईसी २७००१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत माहितीचा बॅकअप हा स्वतंत्र नियंत्रणबिंदू आहे.

मर्यादा

दैनिक अहवालाची पद्धत वाचकावर अवलंबून असते. रोज एकसारखा येणारा, बहुतेक वेळा सर्व काही ठीक सांगणारा मजकूर काही आठवड्यांनी न वाचताच बाजूला सारला जाण्याची प्रवृत्ती दिसते. इशाऱ्यांची संख्या फार असल्यास खरा इशारा त्यांत हरवतो. म्हणून अहवाल एका पानाचा असावा, दोष सर्वांत वर असावेत, निरुपद्रवी इशाऱ्यांचे कारण शोधून ते कायमचे दूर करावेत आणि वाचणाऱ्याने पोच द्यावी, अशी पद्धत अनेक ठिकाणी पाळली जाते. बॅकअप घेणारी व अहवाल तपासणारी व्यक्ती वेगळी असणे हेही हिशेबतपासणीप्रमाणे इष्ट मानले जाते.

दिवसातून एकदा येणारा अहवाल अत्यंत जलद बदलणाऱ्या प्रणालींसाठी अपुरा असतो. बँकिंग व्यवहार किंवा रेल्वे आरक्षण अशा ठिकाणी क्षणोक्षणी निरीक्षण करणाऱ्या यंत्रणा वापरतात. तेथेही दैनिक अहवाल काढला जातो, मात्र त्याचा उपयोग तत्काळ इशाऱ्यापेक्षा कल ओळखण्यासाठी व जबाबदारी निश्चित करण्यासाठी होतो.

हे सुद्धा पहा

सर्व्हर
डेटा केंद्र
रॅन्समवेअर
सातबारा उतारा
ई-फेरफार
राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र
यवतमाळ जिल्हा